नायट्रॉक्सचा कोर्स कुठला करावा? पाडी, एसएसआय, एसडीआय बघून डोकं भंजाळलंय

वारणाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर विचारतोय, वेळ काढून वाचा. मी आणि मंडळी दोघांनी ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलंय, मुलगी तेरा वर्षांची आहे, तिचं ज्युनियर ओपन वॉटर झालंय. तिघंही कृष्णेत पोहायला शिकलेलो, त्यामुळं पाण्याची भीती अशी नाही, पण समुद्राचा अनुभव म्हणाल तर मालवण-तारकर्लीच जास्त आणि एकदा मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेट केलंय.

आता फेब्रुवारीत अंदमानला जायचं ठरतंय, हॅवलॉकला, आणि पुढच्या वर्षी जमलं तर मालदीवची ती आठवडाभर बोटीवरच राहायची ट्रिप. बोटवाल्यांनी विचारलं नायट्रॉक्सचं (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर डाइव्ह करायचं) कार्ड आहे का, नसलं तर करून या म्हणाले. तिथनं शोधायला लागलो तर पाडीचा एनरिच्ड एअर, एसएसआयचा एनरिच्ड एअर नायट्रॉक्स, एसडीआयचा कॉम्प्युटर नायट्रॉक्स, टीडीआयचा नुसता नायट्रॉक्स, अशी शिकवणाऱ्या संस्थांची आणि कोर्सची एवढी नावं निघाली की कुणाचं काय हे कळंना. एका ठिकाणी म्हणतात पाण्यात न उतरता कार्ड मिळतं, दुसऱ्या ठिकाणी म्हणतात दोन डाइव्ह पाहिजेतच.

मला एवढंच सांगा की ह्यातला फरक काय, कुठला घ्यावा, मालवणला उरकावा का अंदमानात, आणि मुलीला पण करायला लावावा का. माझा एक मित्र छातीठोकपणे सांगतोय की नायट्रॉक्स घेतलं की अजून खोल जाता येतं आणि टँक जास्त वेळ पुरतो. हे खरं असलं तर पैसे घालायला काही वाटणार नाही. आणि गणित किती आहे तेही सांगा, मी कॉमर्सवाला, फिजिक्स दहावीनंतर बघितलेलं नाही.

अजिंक्यतारा, सातारा

दादा, सगळ्यात आधी मित्राचं ते बोलणं डोक्यातनं काढून टाका, कारण दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि पहिली तर जिवावर बेतणारी आहे. नायट्रॉक्सनं जास्त खोल जाता येत नाही, उलट कमी खोल जावं लागतं.

बघा, साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७९ टक्के नायट्रोजन धरतात. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवलेला असतो, साधारण ३२ किंवा ३६ टक्के, आणि हौशी डायव्हरला शिकवतात ते जास्तीत जास्त ४० पर्यंत. ऑक्सिजन वाढला म्हणजे नायट्रोजन कमी झाला, म्हणजे शरीरात नायट्रोजन हळू साठतो, म्हणजे डिकम्प्रेशनच्या (वर येताना मध्येच थांबून नायट्रोजन बाहेर पडू द्यायच्या) भानगडीत न पडता खाली थांबायचा वेळ वाढतो. फायदा खरा म्हणायचा तर हा एवढाच. पण ऑक्सिजन दाबाखाली विषारी होतो, म्हणून त्याचा दाब १.४ बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जाऊ द्यायचा नाही असं शिकवतात आणि १.६ ही अगदी शेवटची हद्द, तिथं प्लॅन करून जायचं नसतं.

आता गणित सांगतो, कॉमर्सवाल्याला पाच मिनिटाचं काम आहे. १.४ ला ऑक्सिजनच्या अंशानं भागायचं, त्यातनं १ वजा करायचा, १० नं गुणायचं. ३२ टक्क्याला १.४ भागिले ०.३२ म्हणजे ४.३७, एक वजा ३.३७, म्हणजे ३३ मीटरच्या थोडं पुढं. ३६ ला हीच हद्द २९ मीटरच्या आत येते, ४० ला तर नुसती २५ मीटर. आणि साध्या हवेला हेच गणित लावलं तर ५६ मीटर येतं. म्हणजे टँकात ऑक्सिजन जितका जास्त तितकी तळाची रेषा वर सरकते. तुमच्या मित्राला हे करून दाखवा, हवा तर त्याच्याकडनंच करून घ्या.

आता वेळेचं बघू. पाडीच्या जुन्या हवेच्या टेबलात १८ मीटरला ५६ मिनिटं, २२ ला ३७, २५ ला २९ आणि ३० ला २० मिनिटं थांबता येतं. ३२ टक्के घेऊन तुम्ही २२ मीटरला गेलात तर नायट्रोजनच्या हिशोबानं तुम्ही साडेसतरा मीटरवरच असल्यासारखे, म्हणजे ३७ च्या जागी ५६ मिनिटं. ३० मीटरला गेलात तर हिशोब साडेचोवीसच्या आसपास येतो, म्हणजे २० च्या जागी २९. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हेच पाण्यात दर सेकंदाला करत असतो, आकडे थोडे इकडं-तिकडं होतात, पण तत्त्व हेच.

आणि टँक जास्त वेळ पुरत नाही म्हणजे नाहीच. तुम्ही श्वास जेवढा घेता तेवढाच घेणार, फुप्फुसाला काय कळतंय आत किती टक्के आहे ते. नवीन माणूस मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा, २० मीटरवर दाब तिप्पट म्हणून ६० लिटर. आपल्याकडं मिळतो तो ॲल्युमिनियमचा टँक ११ लिटरचा, २०० बार भरलेला, त्यातले ५० बार राखून वर यायचं म्हटलं तर वापरायला साडेसोळाशे लिटर, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. आणि हवेवर २० मीटरला टेबल देतंय ४५ मिनिटं. म्हणजे तुमची हवा आधी संपणार, वेळेची हद्द लांबच. अशा पहिल्या डाइव्हला नायट्रॉक्स घेऊन वेळ एक मिनिटानंही वाढणार नाही.

मग उपयोग कुठं? दिवसातल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डाइव्हला. मालदीवच्या बोटीवर रोज तीन-चार वेळा पाण्यात उतरवतात, असं सहा-सहा दिवस, आणि तिथं ३० मीटरची मर्यादा आहेच, त्यामुळं ३२ टक्के तिथं अगदी चपखल बसतं. अंदमानात पण डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही ठिकाणं जरा खोल आहेत, तिथं सकाळी पाठोपाठ दोन डाइव्ह असल्या की हवेवर दुसऱ्याला कॉम्प्युटर लवकर वर यायला सांगतो. मालवणला आठ-दहा-बारा मीटरमध्ये काय करायचंय नायट्रॉक्स? १२ मीटरला हवेवरच १४७ मिनिटं आहेत, तेवढा वेळ कुणाचा टँक पुरतोय.

मिरज_जंक्शन, मिरज

मी डॉक्टर आहे आणि हौशी डायव्हर पण आहे, म्हणून फक्त तब्येतीचं लिहिते, बाकी जाणकार आहेत.

अजिंक्यतारांनी ऑक्सिजन विषारी होतो असं एका ओळीत लिहून सोडलंय, ते जरा सविस्तर सांगायला पाहिजे. दाब जास्त झाला की त्याचा परिणाम मेंदूवर होतो. नजर बोगद्यातनं बघितल्यासारखी होणं, कानात आवाज, मळमळ, ओठ किंवा चेहऱ्याचे स्नायू उडणं, चिडचिड, चक्कर ही लक्षणं पुस्तकात दिलेली असतात आणि ती पाठ करावीत. पण पुस्तकातलंच दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, की ह्यातलं काहीही न होता थेट झटका येऊ शकतो. जमिनीवर झटका आला तर आपण माणसाला कुशीवर वळवतो, थोड्या वेळानं तो शुद्धीवर येतो. तीस मीटर पाण्याखाली तोंडातनं रेग्युलेटर (श्वास घ्यायचा तो तोंडातला भाग) सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून १.४ ही रेषा थोडी ओलांडली तर काय होतंय असा विचार कुणी करू नये. आज एखाद्याला १.५ वर काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं, एकाच माणसाची सहनशक्ती रोज वेगळी असते.

दाबाबरोबर वेळेलाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नोआ ह्या समुद्र-हवामानाच्या सरकारी संस्थेनं दिलेले आकडे सगळे कोर्स वापरतात, १.४ ला एका वेळी १५० मिनिटं, १.६ ला फक्त ४५. तुमच्यासारख्याला ३२ टक्क्यावर हे आकडे गाठणं अवघड आहे, तरी बोटीवरच्या आठवड्यात कॉम्प्युटरवरचा ऑक्सिजनचा टक्का रोज बघायची सवय ठेवा.

तिघांनीही मेडिकल फॉर्म खरा भरा. आपल्याकडं लोक सगळीकडं "नाही, नाही, नाही" असं टिक करून सही करतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. लहानपणी कधी फिट आली होती का, दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हे लपवायचं नसतं. फिटचा इतिहास असेल तर नायट्रॉक्स सोडाच, डायव्हिंगच्याच बाबतीत आधी तज्ज्ञाला विचारायला हवं. सर्दी झाली म्हणून स्यूडोएफेड्रीन असलेली गोळी घेऊन नायट्रॉक्सवर उतरू नका, तिचा ऑक्सिजनच्या झटक्याशी संबंध असू शकतो म्हणून ती टाळायला सांगतात. आणि मुळात सर्दीत डाइव्ह करूच नये, कान फुटायची पाळी येते.

जाता जाता एक. नायट्रॉक्सनं संध्याकाळी दमल्यासारखं वाटत नाही असं तुम्हाला दहाजण सांगतील. कोण काय श्वास घेतंय हे न सांगता तपासणी केली तेव्हा थकव्यात ठोस फरक आढळला नव्हता. त्यासाठी म्हणून कोर्स करू नका. नशेचंही तसंच, खोलवर गेल्यावर डोकं जड होतं ते नायट्रॉक्सनं कमी होतं असं गृहीत धरायचं नाही, कारण ऑक्सिजनही तसाच गुंगी आणणारा धरतात.

कोयनेचं_पाणी, कराड

वारणाकाठ दादा, मी डाइव्हमास्टर आहे, बरीच वर्षं सीझनला बाहेर असतो आणि पावसाळ्यात गावाकडं. तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालतो, कोर्स-कोर्समधला फरक.

पहिली गोष्ट, कार्डावर कुणाचं नाव आहे ह्यानं टँक भरून देणाऱ्याला काही फरक पडत नाही. मान्यताप्राप्त संस्थेचं नायट्रॉक्सचं कार्ड दाखवलं की मालदीव असो, श्रीलंका असो, थायलंड असो, सिलिंडर मिळतो. कार्ड एक्स्पायर होत नाही. तुम्ही ओपन वॉटर पाडीचं केलं आणि नायट्रॉक्स एसएसआयचं, तरी चालतंय, उलटंही चालतंय.

पाडीचा एनरिच्ड एअर डायव्हर हा सगळ्यात जास्त लोक करतात. वय बारा पूर्ण पाहिजे, ओपन वॉटर किंवा ज्युनियर ओपन वॉटर पाहिजे. थिअरी ऑनलाइन वाचायची, परीक्षा द्यायची, मग इन्स्ट्रक्टरसमोर बसून टँक तपासायचा, कॉम्प्युटर सेट करायचा. डाइव्ह ऐच्छिक आहेत. म्हणून ते "पाण्यात न उतरता कार्ड" हे बरोबर आहे, पण "घरात बसून कार्ड" हे बरोबर नाही, हाताने करायचा भाग इन्स्ट्रक्टरसमोरच होतो. आणि पुढं ॲडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढचा कोर्स) करायचं असलं तर नायट्रॉक्सची एक डाइव्ह त्याच्या पाच डाइव्हमध्ये धरता येते, हे विचारून घ्या, पैसे वाचतात.

एसएसआयमध्ये आधी ३२ पर्यंतचं आणि मग ४० पर्यंतचं असे दोन टप्पे असतात. करायचं तर सरळ ४० चं करा, ३२ वर थांबून उगाच पुढं परत खर्च नको. तिथं पण डाइव्ह सक्तीच्या नाहीत. त्यांच्याकडं ॲडव्हान्स्ड हा वेगळा कोर्स नसून चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे छोटे कोर्स) आणि चोवीस डाइव्ह झाल्या की ते मिळतं, त्यातली एक स्पेशालिटी म्हणून नायट्रॉक्स मोजतात. तुम्हाला हळूहळू शिकत पुढं जायचं असलं तर ही पद्धत मला आवडते.

एसडीआयचा कॉम्प्युटर नायट्रॉक्स नावाप्रमाणं कॉम्प्युटरवर भर देतो, टेबलात फार अडकवत नाही, हद्द ४० टक्केच. त्याच कंपनीचा टीडीआय हा टेक्निकल डायव्हिंगवाला भाग, त्यांचा नायट्रॉक्स कोर्स पण ४० पर्यंतच नेतो पण सूत्रं, टेबल, दाबाचं गणित जास्त घासून घेतात, कारण पुढं त्यांच्या ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्समध्ये १०० टक्के ऑक्सिजनपर्यंत जायचं असतं. तुम्हाला टेक्निकलकडं जायचं नसलं तर टीडीआयची गरज नाही. पण सगळं मुळापासनं कळल्याशिवाय चैन पडत नाही असा तुमचा स्वभाव असला तर मी तोच घ्या म्हणेन. मला स्वतःला सूत्र हातानं मांडलेलं आवडतं, कॉम्प्युटर बंद पडला तर निदान आपण कुठं होतो हे तरी कळतं.

पण खरं सांगू का, हे सगळे फरक दुय्यम आहेत. कोर्स चांगला का वाईट हे ठरतं ते ॲनालायझर (टँकातल्या ऑक्सिजनचा टक्का मोजायचं यंत्र) तुमच्या हातात दिला की नाही ह्यावर. मी असे कार्डवाले बघतो की ज्यांनी आयुष्यात एकदाही स्वतः टँक तपासलेला नाही, इन्स्ट्रक्टरनं तपासला आणि ह्यांनी वहीवर सही केली. पेट्रोल पंपावर आपण शून्य बघून मग नळी घालू देतो का नाही, तसं इथं आकडा स्वतःच्या डोळ्यानं बघायचा. आधी ॲनालायझर साध्या हवेवर २०.९ ला जुळवायचा, मग टँकचा व्हॉल्व्ह अगदी हलकेच उघडून बारीक धारेवर धरायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग टँकवर पट्टी लावून त्यावर तारीख, टक्केवारी, किती मीटरपर्यंत चालेल ते आणि आपली सही. जो टँक जो वापरणार त्यानंच तपासायचा, नवऱ्यानं बायकोचा नाही आणि बापानं पोरीचा नाही.

हे एवढं का, तर समजा तुम्ही ३२ समजून घेतला आणि भरणाऱ्याकडनं तो ४० चा निघाला, आणि तुम्ही ३० मीटरला गेलात. तिथं दाब चार पट, चार गुणिले ०.४० म्हणजे १.६. डॉक्टर ताईंनी वर लिहिलंय ना, तिथं जाऊन पोचलात, आणि कॉम्प्युटर ३२ वर सेट असल्यामुळं तो तुम्हाला काहीही ओरडून सांगणार नाही. उलट झालं, म्हणजे ३२ समजून साधी हवाच निघाली, तर ऑक्सिजनचा धोका नाही पण कॉम्प्युटर तुम्हाला खोटा जास्तीचा वेळ दाखवत राहणार आणि बेंड्सचा (साठलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होण्याचा) धोका. दोन्हीकडनं मार आहे.

म्हणून सेंटरला फोन करताना हे विचारा: ॲनालायझर आमच्या हातात देणार का, वेगवेगळ्या टक्क्यांचे टँक तपासायला मिळणार का, आमच्याच कॉम्प्युटरवर सेटिंग करून घेणार का, आणि तुमच्याकडं नायट्रॉक्स स्वतः भरता का बाहेरनं येतं. जो वैतागेल त्याच्याकडं जाऊ नका. एका ठिकाणी तर मला "अहो कार्ड मिळाल्याशी मतलब ना" असं उत्तर मिळालं होतं, फोन ठेवून दिला.

आष्ट्याचा_बंडा, आष्टा

सगळ्यांना मानतो पण माझं मत वेगळं आहे. दादांचा अनुभव मालवण आणि एक नेत्राणी एवढाच आहे, वर अजिंक्यतारांनीच हिशोब करून दाखवला की हवा आधी संपणार. मग आत्ताच नायट्रॉक्सवर पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा तेच पैसे बॉयन्सीवर (पाण्यात एका खोलीवर स्थिर तरंगायला शिकण्यावर) घाला. बॉयन्सी सुधारली, हातपाय मारायचं कमी झालं की मिनिटाला वीसचे पंधरा लिटर होतात, त्याच २० मीटरवर सत्तावीसची सदतीस मिनिटं होतात, ती पण फुकट. आणि जो माणूस एका खोलीवर स्थिर राहू शकत नाही, वरखाली होतोय, त्याच्या हातात ३३ मीटरच्या पुढं जायचं नाही असला टँक देणं मला पटत नाही. अंदमानात हवेवर ॲडव्हान्स्ड करा, मालदीवच्या आधी नायट्रॉक्स बघा.

अजिंक्यतारा, सातारा

बंडाभाऊ, बॉयन्सीचं शंभर टक्के मान्य, ते आधी. पण नायट्रॉक्सला बोटीपर्यंत थांबवू नये असं माझं म्हणणं आहे. बोटीवर पहिल्या दिवशी चेक डाइव्ह, ब्रीफिंग, उलट्या, सामान, ह्या गडबडीत कोर्स उरकला की नेमका तो तपासायचा भाग घाईत जातो. अंदमानात दादांकडं चार-पाच दिवस आहेत, तिथं निवांत दुपारी बसून शिकलं तर डोक्यात राहतं, आणि दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर सोबत असतानाच खऱ्या टँकवर दोन डाइव्ह करून बघता येतात. ऐच्छिक असल्या तरी करा त्या. थिअरी सांगलीतनं निघायच्या आधीच ऑनलाइन संपवा, तिथं जाऊन खोलीत मोबाइलवर वाचत बसायला नको, तिकडं नेटचा भरवसा धरू नका.

आणि वेळ वाढवायलाच नायट्रॉक्स घ्यावं असं थोडंच आहे. टँक ३२ चा घेऊन कॉम्प्युटर हवेवरच ठेवला तर वेळ तेवढाच राहतो पण अंगात नायट्रोजन कमी साठतो. माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले बरेच जण असं करतात. फक्त मग कॉम्प्युटर ऑक्सिजनचा हिशोब हवेचा धरतो आणि खोलीची हद्द ओलांडली तरी बोंबलत नाही, ती हद्द स्वतःच्या डोक्यात ठेवावी लागते. ज्याला ते जमत नाही त्यानं ३२ वर सेट करून कॉम्प्युटरमध्ये सुरक्षिततेचं सेटिंग वाढवावं, ते जास्त बरं.

आता ह्याला कुणी शंकेनं बघत नाही, पण एक काळ होता. नोआचे शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात हे वापरत होते, १९८५ मध्ये डिक रुटकोव्स्की ह्यांनी हौशी लोकांना शिकवायला संस्था काढली तेव्हा बाकीच्यांनी ह्याला सैतानाचा वायू म्हणून नावं ठेवली. पाडीसारख्या मोठ्या संस्थेनं स्वतःचा कोर्स आणायला १९९६ उजाडलं. म्हणजे एवढं भांडून, तपासून मग आलेली गोष्ट आहे ही, तेव्हा शिकायचं तर नीट शिका.

वारणाकाठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मित्राला सूत्र पाठवलं, तो आता गप्प आहे. रात्री मंडळी आणि मी वही घेऊन बसलो, ३४ टक्क्याला ३१ मीटर येतंय, बरोबर आहे ना?

दोन गोष्टी राहिल्या. एक, मुलीचं कुणी बोललं नाही. दुसरी, आमच्याकडं मालवणला जाऊन संध्याकाळीच घाट चढून परत यायची पद्धत आहे, रविवारी दुपारी डाइव्ह आणि सोमवारी ऑफिस. परवा कुणीतरी म्हणालं की डाइव्हनंतर विमानात बसायचं नसतं तसं घाटपण चढायचा नसतो. खरं आहे का? आणि नायट्रॉक्स घेतलं तर हे टळतं का?

कोयनेचं_पाणी, कराड

३४ ला ३१ मीटर आणि थोडं, अगदी बरोबर. खाली धरायचं, वर नाही, हे लक्षात ठेवा, म्हणजे ३१.१ आलं तर ३१.

मुलीचं सांगतो. तेरा वर्षं म्हणजे ती कोर्स करू शकते, बारा पूर्ण आहेत. पण पाडीच्या नियमानं बारा ते चौदाच्या मुलांना १८ मीटरचीच मर्यादा आहे आणि सोबत मोठं माणूस पाहिजे. १८ मीटरला हवेवर पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटं आहेत, तिला त्याच्या आतच थंडी वाजेल. म्हणून गरज अशी नाही. तरीपण मी म्हणेन की तिला हौस असली तर थिअरीला तुमच्याबरोबर बसवा, ॲनालायझर हातात द्या, पोरं हे आपल्यापेक्षा भराभर शिकतात. कार्ड करायची घाई नको, पंधरा झाल्यावर ज्युनियर निघून जातं, तेव्हा ॲडव्हान्स्डबरोबर करता येईल. आणि एक कटाक्षानं पाळा, तुम्ही दोघं नायट्रॉक्सवर आणि ती हवेवर असं एकत्र जाणार असाल तर डाइव्हचा वेळ तिच्या कॉम्प्युटरप्रमाणं ठरवायचा. आणि खोलीची हद्द ज्याची कमी त्याची.

घाटाचं खरं आहे. विमानाबद्दल डॅन ह्या डायव्हरांच्या सुरक्षिततेचं काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा की एकच डाइव्ह असली तर कमीत कमी १२ तास, दोन-चार किंवा सलग काही दिवस केल्या असल्या तर कमीत कमी १८ तास थांबायचं. हा सल्ला विमानातल्या ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. आता आपले घाट बघा, आंबोली ६९० मीटरच्या आसपास, गगनबावडा पण फार खाली नाही. म्हणजे त्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला आपण शिवतोय. मालवणला आठ-दहा मीटरच्या एक-दोन डाइव्हनंतर धोका कमी आहे, पण नेत्राणीला किंवा गोव्याला दोन-तीन खोल डाइव्ह करून लगेच गाडी काढून आंबोलीनं वर यायचं हे मला अजिबात मान्य नाही. रात्री खालीच मुक्काम करा, मासे खा, झोपा, सकाळी उठून निवांत निघा. सांगली तरी साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, सातारकरांना घाट चढून वर आल्यावर पण उंचीवरच राहायचंय, त्यांनी तर थांबलंच पाहिजे.

नायट्रॉक्सनं नायट्रोजन कमी साठतो हे खरं, पण त्यामुळं हे तास कमी होत नाहीत. कोर्समध्ये पण हेच शिकवतात, थांबायचं तेवढंच थांबायचं. पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान काढताना शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा.

मिरज_जंक्शन, मिरज

घाटाच्या मुद्द्याला माझी पण जोड. डाइव्हनंतर खांदा-कोपरा दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, न जाणारा थकवा असं काही वाटलं तर "गाडी चालवून अंग दुखतंय" म्हणून पेनकिलर घेऊन झोपायचं नाही आणि घाट तर अजिबात चढायचा नाही. तिथंच थांबून शंभर टक्के ऑक्सिजन मिळवायचा आणि डायव्हिंगचं कळणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा. साध्या दवाखान्यात सगळ्यांना हे लगेच सुचेलच असं नाही, म्हणून आपणच सांगायचं की मी चोवीस तासांत डाइव्ह केली होती. ह्यावर उपचार करायचं प्रेशर चेंबर मुंबईला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये आहे, अंदमानला पोर्ट ब्लेअरच्या धन्वंतरीमध्ये. ट्रिपच्या आधी डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, नेहमीच्या मेडिक्लेममध्ये हे येतं का ते पॉलिसी वाचून बघा.

वारणाकाठ, सांगली

ठरलं मग. थिअरी इथंच, दोघांची, पाडी किंवा एसएसआय जो इन्स्ट्रक्टर ॲनालायझर हातात देईल त्याचा, हॅवलॉकला पहिले दोन दिवस हवेवर बॉयन्सी आणि ॲडव्हान्स्ड, मग नायट्रॉक्सच्या दोन डाइव्ह, शेवटचा दिवस कोरडा. मुलगी वाचायला बसणार आहे, कार्ड नंतर. उद्यापासनं सेंटरना फोन लावतो. कॉम्प्युटर मात्र अजून घेतलेला नाही, भाड्याचा चालेल का स्वतःचाच घ्यावा?

अजिंक्यतारा, सातारा

स्वतःचा घ्या, दोघांना दोन. एक कॉम्प्युटर दोघांत चालत नाही, प्रत्येकाची खोली आणि वेळ वेगळी असते. महागडा नको, ज्यात ऑक्सिजन २१ पासनं ४० पर्यंत एक-एक टक्क्यानं सेट करता येतो आणि पडद्यावरचे आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात असा कुठलाही साधा बघा. घेताना दुकानदाराला एवढं विचारा की डाइव्ह झाल्यावर किंवा दिवस बदलल्यावर तो टक्केवारी तशीच ठेवतो का आपोआप २१ वर आणतो, कारण काही मॉडेल आणतात, आणि मग दुसऱ्या डाइव्हला परत सेट करायला माणूस विसरतो. भाड्याचा घेतलाच तर ट्रिपभर तोच एक ठेवा, रोज बदलून घेतला तर आदल्या दिवसाचा नायट्रोजन त्याला माहीतच नसतो.